जाळें आणि परांची

शहरांत नवी इमारत उठूं लागली, कीं येणाराजाणारा तिच्या उंचीकडे कौतुकानें पाहतो. जिच्यावर उभा राहून गवंडी ती उंची साधतो, त्या परांचीकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. ती कोसळते, तेव्हांच तिची आठवण होते. अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाची हकीकत या दृष्टीनें मनन करण्याजोगी आहे.

त्या पुलाच्या बांधकामास १९३३ सालीं प्रारंभ झाला. दहा लक्ष डॉलरांच्या कामामागें एक मनुष्य बळी जावयाचाच, असा त्या काळीं ठेकेदारांचा हिशेब असे; आणि हें काम तर साडेतीन कोटी डॉलरांचें! मुख्य इंजिनियर जोसेफ स्ट्रॉस यांनीं हा हिशेब मान्य केला नाहीं. मजुरांनीं शिरस्त्राण घातलेंच पाहिजे असा त्यांनीं नियम केला आणि पुलाखालीं दोरखंडाचें विस्तीर्ण जाळें बांधविलें. त्या जाळ्यानें १९ मजूर झेलले.

परंतु १७ फेब्रुवारी १९३७ रोजीं, काम संपत आलें असतां, घात झाला. काँक्रीटचे साचे काढण्यासाठीं पुलाखालीं टांगलेली सुमारें ५ टनांची फिरती परांची निसटली. माणसाचा भार झेलण्याकरितां विणलेलें जाळें हा भार कसें झेलणार? तें फाटलें, १२ मजूर खालच्या पाण्यांत पडले आणि त्यांपैकीं १० जण प्राणांस मुकले.

मग जाळें व्यर्थ ठरलें काय? मुळींच नाहीं, १९ संसार त्यानेंच सांवरले. परंतु जाळें ही दुसरी ढाल होय. पहिली ढाल म्हणजे परांचीचे सांधे, तिचे आधार आणि ते रोज तपासणारा डोळा.

घरास रंग देववितांना गृहस्थ रंगाची छटा दहादां पारखून घेतो. त्यानें एकदां बाहेर येऊन परांचीहि पाहावी: बांबू चिरलेला नाहीं ना, काथ्याच्या गांठी कुजलेल्या नाहींत ना, फळी दोन्ही टोंकांस बांधलेली आहे ना, चढणाऱ्याच्या कमरेचा पट्टा भक्कम आधारास अडकविलेला आहे ना? यांत एक जरी उणीव दिसली, तरी ती दूर होईपर्यंत काम थांबवावें. रंग एक दिवस उशिरां लागल्यानें घराचें कांहीं बिघडत नाहीं; परांचीवरून पडलेल्या माणसाचें घर मात्र पुन्हां उभें राहत नाहीं.