अननसाची लागवड : रोपांच्या निवडीचे महत्त्व



अननस आपल्या परिचयाचा असला, तरी तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाच्या सोबत्यांनी हे फळ १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर पाहिले; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते हिंदुस्थानात आणले. आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारो अननस येतात, अशी नोंद जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवतात ती गुझमानियाची झाडे याच ब्रोमेलिया कुळातील, म्हणजे अननसाची चुलत भावंडे होत.

या कुळाचा स्वभाव असा की, एक रोप एकदाच फुलते. अननसाचे रोप एकच फळ देते आणि पुढील पीक बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांवर येते. लागवड बियांपासून करीत नाहीत. बुंध्याजवळची पिले, फळाच्या देठावरचे फुटवे आणि फळाच्या डोक्यावरचा तुरा, या तिन्हींपासून रोप तयार होते. मात्र तिन्हींची चाल सारखी नसते. बुंध्याच्या पिलापासून साधारण दीड वर्षात फळ हाती येते, तर तुऱ्याला दोन वर्षे लागतात.

नेमके येथेच अनेकांचे नुकसान होते. जोडओळ पद्धतीने रोपांत ३०, ओळींत ६० व दोन जोडओळींत ९० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे ४४ हजार रोपे बसतात. एवढी रोपे एकदम जमत नाहीत, म्हणून मिळेल ते लावले जाते. मग चार फळे आज, सहा पुढच्या महिन्यात. आणि एवढ्याशा मालासाठी व्यापारी शेतावर येत नाही. दीड वर्ष अडकलेला पैसा अशा वेळी सुटा सुटा परत येतो व तसाच खर्चून जातो. तुरे फुकट मिळतात हे खरे, पण तो हिशेब स्वस्ताईचा नव्हे. तुरे लावायचेच असतील तर त्यांचा वेगळा वाफा करावा. पिले अर्धा किलोच्या आसपास वजनाची, एकाच आकाराची निवडावीत. खालची वाळकी पाने काढून ती काही दिवस सावलीत सुकवावीत आणि गाभ्यात माती जाणार नाही अशा बेताने लावावीत. पिठ्या ढेकूण असलेल्या बागेतील पिले घेऊच नयेत, कारण त्याच्याबरोबर मर रोगही येतो.

सर्व रोपे एकाच वेळी फुलावीत यासाठीही उपाय आहे. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवर काचघरांत धूर झाला असता अननस लवकर फुलल्याचे आढळले. धुरातील इथिलीन वायूची ती किमया होती. पिकलेल्या सफरचंदातूनही हाच वायू निघतो. म्हणून कुंडीतील ब्रोमेलिया फुलत नसेल, तर हौशी मंडळी त्यावर सफरचंदासह प्लॅस्टिकची पिशवी आठवडाभर बांधून ठेवतात. शेतात यासाठी इथेफॉन वापरतात. रोपाला ३५ ते ४० पाने झाली की, दहा लाख भागांस २५ भाग इतके सौम्य द्रावण, युरिया व थोडा चुना मिसळून, प्रत्येक गाभ्यात ५० मिलिलिटर ओततात. साधारण चाळीस दिवसांत फुलोरा दिसू लागतो. रोप लहान असताना घाई केल्यास फळही लहानच राहते.

पाण्याच्या बाबतीत हे पीक समजूतदार आहे. त्याची पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे ओल कमी खर्ची पडते. पण मुळे उथळ असल्याने पाणी तुंबले की गाभा कुजतो. कोकणातील नारळाच्या बागांत, विरळ सावलीत, आंतरपीक म्हणून अननस चांगला येतो. तेथे पावसाळ्यापूर्वी चर मोकळे करून घ्यावेत. फळ काढल्यानंतर बुंध्याशी एक-दोन जोमदार पिलेच खोडव्यासाठी राखावीत. उरलेली वजनानुसार वेगळी करून ठेवली, तर पुढच्या लागवडीला रोपे विकत घ्यावी लागत नाहीत.