वारीच्या वाटेवरील पुणे

(भाषणाचा पाठ)

दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात चिकोडी तालुक्यातील अंकली या कृष्णाकाठच्या गावातून शितोळे सरकारांचे दोन अश्व आळंदीकडे निघतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, कारण तो माउलींचा अश्व. मिरज, सांगली, सातारा या बाजूने सुमारे ३०० किलोमीटर चालून ते १०-११ दिवसांत आळंदीस पोहोचतात. हैबतबाबा आरफळकरांनी इ.स. १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सोहळा आजच्या स्वरूपात सुरू केला, तेव्हा घोडे, तंबू आणि नैवेद्य ही सेवा अंकलीच्या शितोळ्यांनी पत्करली. ती आजतागायत चालू आहे. सीमाभागाचा वारीशी असलेला संबंध असा जुना आणि मानाचा आहे.

निपाणी, चिकोडी भागातील काही वारकरी या अश्वांसोबत चालतात, तर काही मोटारीने आळंदी गाठून तेथून पायी निघतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान होते आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी पालखी पुण्यात येते. तुकाराम महाराजांची पालखीही देहूहून त्याच वेळी तेथे पोहोचते. ज्ञानोबांचा मुक्काम भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात, तर तुकोबांचा नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात असतो. येथे दोन रात्रींचा विसावा मिळतो. कपडे धुवावेत, चपलांना टाके घालून घ्यावेत, पायांना तेल लावावे, यातच बहुतेकांचा मधला दिवस सरतो.

या दिवशी शहर पाहावयास जाणे वडीलधाऱ्या मंडळींना फारसे रुचत नाही. वारी म्हणजे सहल नव्हे, असे ते म्हणतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. हरिपाठ व कीर्तन चुकवून बाजारपेठेत रमणाऱ्याने वारीस कशाला यावे? परंतु दुपारचे दोन-तीन तास मोकळे असतात. ज्याने पुणे केवळ पाठ्यपुस्तकात वाचले, त्या निपाणीकडच्या शेतकऱ्याने किंवा तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईने ते शहर डोळ्यांनी पाहिले, तर कोणता नियम मोडतो?

पुढच्या मजलेत दिवे घाट चढावयाचा असतो. सासवडपर्यंतची ती वाट ३० किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा पाय राखून, जवळचे तेवढेच पाहावे हे उत्तम. सर्वांत जवळ आहे गंज पेठेतील महात्मा फुले यांचा वाडा. आज ही पेठ त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या घराचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. आज नळावर सर्वांबरोबर भांडे भरणाऱ्या तरुणास त्यात नवल वाटणार नाही. त्या काळी ते धाडस होते. वाड्याच्या आवारातच जोतीरावांची समाधी आहे. सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत शिकविले आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता प्राण ठेवला. दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या ज्या स्त्रियांना आज पोथी वाचता येते, त्यांनी तर हे घर पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

शनिवारवाडा थोडा दूर आहे. १७३० मध्ये पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि दगडी जोती एवढेच उरले. दरवाजाच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळे हत्तींच्या धडका रोखण्यासाठी ठोकलेले आहेत, हे मुलांना मुद्दाम सांगावे. जवळच लाल महाल आहे, पण आजची इमारत मूळची नव्हे. विसाव्या शतकात ती नव्याने बांधली. १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला तो याच जागी. वाटेत कसबा गणपतीचे दर्शनही होते.

शनिवारवाड्यापुढे उभे राहिलेल्या निपाणीकरास आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला आणि दुसरे बाजीराव पुणे सोडून गेले. पुढील वर्षी इंग्रजांच्या साहाय्याने ते परतले. त्या वेळी वेलस्लीच्या सैन्याबरोबर दक्षिणेकडून पुण्यावर चालून आलेल्या सरदारांत निपाणीचे सिधोजीराव निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई निपाणकर, हेही होते. ती चाल पेशवाईच्या हिताची ठरली की नाही, याबद्दल शिक्षकांनी वर्गात अवश्य चर्चा घडवावी. निपाणीची माणसे त्या वाटेने पूर्वी तलवारी घेऊन गेली आणि आता टाळ घेऊन जातात, एवढे मात्र खरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पालख्या त्याच हडपसरकडे निघतात. तेथे वाट फुटते. तुकोबा लोणी काळभोरच्या दिशेने जातात, आणि अंकलीच्या अश्वांसह माउली दिवे घाटाकडे वळतात.