बुचाचे आटे

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'अमेरिकेतला इंजिनीअर' अशी माझी ओळख आत्ता करून दिली गेली. ती आता जुनी झाली. मी निवृत्त आहे आणि पेनसिल्व्हेनियातल्या घराच्या गॅरेजमध्ये एका लहान लेथपाशी उभा असतो. तिथे काय करतोस, असे सकाळपासून अनेकांनी विचारले. ठासणीच्या बंदुकांची बुचे करतो म्हटले की सगळे हसतात. म्हणून आज तेवढेच सांगतो.

आपल्या कोकणात ठासणीची बंदूक नवी नाही. शेताच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक आपल्यापैकी काहींच्या घरी होती. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची. पण नळी म्हणजे दोन्हीकडून उघडा पाइप. मागची बाजू बंद करते ते बूच, म्हणजे ब्रीच प्लग. आट्यांवर बसणारा अंगठ्याएवढा पोलादी तुकडा. बार उडताना दाब जितका गोळीवर, तितकाच या तुकड्यावर. आणि त्याच्यामागे जेमतेम हातभर अंतरावर नेम धरणाऱ्याचा डोळा.

हे काम वाटते तितके सोपे कधीच नव्हते. १५४३ मध्ये पोर्तुगीज माणसे जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरली. तिथल्या सरदाराने त्यांच्या बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला तशाच करायला सांगितले. तलवारी घडवणाऱ्या देशातल्या त्या लोहाराला नळी जमली, पण मागचे बूच जमेना. आतून आटे पाडायची विद्याच तिथे नव्हती. पुढच्या वर्षी आलेल्या परदेशी कारागिराकडून ती शिकावी लागली, असे १६०६ च्या 'तेप्पोकी' या वृत्तांतात म्हटले आहे. त्या विद्येच्या बदल्यात लोहाराने आपली मुलगी देऊ केली, अशी आख्यायिकाही तिकडे सांगतात.

आज टॅप बाजारात मिळतो, तरी चुकायला जागा तेवढीच आहे. जुन्या धाटणीच्या बुचाचे एक नेहमीचे माप पाऊण इंच जाड, इंचाला १६ आटे. म्हणजे एका आट्याचा पिच १.५८७५ मिलिमीटर. दीड मिलिमीटरचा आटा डोळ्यांना अगदी तसाच दिसतो. अशा वेळी डोळ्यांवर नव्हे, पिच गेजवर विश्वास ठेवायचा. दुसरी गोष्ट, बुचाचे तोंड नळीच्या आतल्या खांद्याला सर्व बाजूंनी टेकले पाहिजे. फट राहिली तर जळालेल्या दारूची राख तिथे साठते, ती हवेतला ओलावा ओढते आणि पोलाद आतून खाते. म्हणून तोंडाला निळा रंग लावायचा, बूच बसवायचे, काढायचे, रंग कुठे उमटला ते पाहायचे आणि कानशीचा एक हलका हात मारायचा. हे वीस-वीस वेळा करावे लागते.

आपल्या वर्कशॉपच्या सरांनी आठवीत एक चौकोनी तुकडा महिनाभर घासायला लावला होता, आठवतो ना? आपण वैतागलो होतो. गुण्यात ठेवल्यावर कडेने उजेड दिसला की सर फक्त "परत" म्हणायचे. माझी सगळी विद्या त्या "परत"वर उभी आहे.

गेल्या हिवाळ्यात शेजारचा एक तरुण पणजोबांची बंदूक घेऊन आला. अनेक वर्षे ती शेकोटीच्या वर भिंतीवर टांगलेली होती. "काका, बूच गंजलंय, टॉर्चनं तापवून काढून द्या," म्हणाला. मी आधी गज नळीत सोडला, तोंडाशी खूण केली आणि तोच गज नळीवर बाहेरून धरला. गज बुचापासून चार बोटे आधीच थांबला होता. बंदूक भरलेली होती. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे जिवंत राहते. ज्योत लावली असती तर आम्हा दोघांपैकी कोण उरले असते, सांगता येत नाही. नळीत पाणी ओतून दारू भिजवली, गजाच्या टोकाच्या स्क्रूने गोळी ओढून काढली आणि मग त्या पोराला खाली बसवून पाणी पाजले. त्याची दोन वर्षांची मुलगी त्याच शेकोटीपुढे खेळते.

पुढे बूच निघाले. नळीतले आटे गंजाने खाल्ले होते. नवे बूच करून दे म्हणून तो फार अजीजीने बोलला. मी नाही म्हणालो. आटे धरणार नसतील तर बूच कितीही सुबक असले तरी काय उपयोग? त्याला राग आला, महिनाभर तो बोलला नाही. आता ती बंदूक रिकामी, भिंतीवरच आहे. नाही म्हणणे हाही कारागिरीचाच भाग आहे, असे मला वाटते.

एक खुलासा करतो. हे काम तिकडच्या कायद्यात बसते म्हणून मी करतो. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदूक बनवायला आणि दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तेव्हा बाळगोपाळांनी हे भाषण ऐकून उद्योग सुरू करू नयेत!

आपल्या शाळेचे वर्कशॉप सध्या बंद असते, असे कळले. मी येताना दोन व्हर्नियर, पिच गेजचा एक संच आणि सहा गुण्ये आणले आहेत. ते मुख्याध्यापकांकडे सुपूर्द करतो. विनंती एवढीच, की ते काचेच्या कपाटात ठेवू नयेत. मुलांच्या हातात द्यावेत. बिघडले तर मी परत पाठवीन.