तासांचा आलेख भिंतीवर लावू या



नियमभंग झाल्यावर अर्ज लिहायला आपण शिकलो. आता तो होण्याआधी ओळखायला शिकू या. रेल्वे कायदा १९८९, कलम १३२ प्रमाणे ‘कंटिन्युअस’ वर्गातील कामगाराचे काम चौदा दिवसांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तासांहून अधिक नसावे. म्हणजे चौदा दिवसांत १०८ तास.

चौकटीच्या कागदावर आडवे दिवस आणि उभे तास मांडू. १०८ वर तांबडी रेघ ओढू. रोजचे तास आदल्या बेरजेत मिळवून ठिपका देऊ. दहाव्या दिवशी ठिपका ९० वर असला तर उरले १८ तास. रोस्टरमध्ये दहा तासांच्या तीन ड्यूट्या शिल्लक असतील तर बेरीज १२० होणार. तांबडी रेघ ओलांडली जाणार, हे आधीच दिसते. त्याच दिवशी कागद प्रशासनापुढे ठेवून रिलीव्हर मागू. जादा कामाला कायदा किमान दुप्पट दर देतो, पण ओव्हरटाइम म्हणजे विश्रांती नव्हे.

टपाल सॉर्टिंगच्या पाळ्यांनाही हीच रीत चालेल. रेघ तेवढी त्यांच्या नियमांप्रमाणे ओढावी.

एका कामगाराच्या कागदाला साहेब अपवाद म्हणतील. साऱ्यांचे कागद शेजारी शेजारी लावले, की न भरलेल्या जागा भिंतीवर दिसतात. नोंद आजपासून सुरू करू या!