दोन टोल्या आणि एक उघडे दार

(अकोट येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकल्यावर काही जणींच्या कपाळावर आठी पडली, ती मला इथून दिसली. ख्रिस्ती धर्मात श्रद्धेच्या लहानशा कृतीला एवढे मोल का, हा विषय. बाई, आम्ही रेशन, दारू आणि सातबाऱ्याचं बोलायला आलो अन् तुम्ही आम्हाला बायबल सांगता! रागावणे साहजिक आहे. पण आपल्या गटातल्या बायांकडे नीट पाहा. एक सोमवार धरते, दुसरी बुद्धवंदना म्हणते, तिसरी रोजा ठेवते, एखादी रविवारी चर्चमध्ये जाते. आपण कार्यकर्त्या त्यावर बहुधा दोनच गोष्टी करतो. एक तर मनातल्या मनात हसतो, नाहीतर विषय टाळतो. तिसरे काही करता येते का, ते मला पाहायचे आहे. ख्रिस्ती परंपरा मी घेतली, कारण तिथे बाईच्या बारीकशा कृतीची गोष्ट धर्मग्रंथातच लिहून ठेवलेली आहे. त्या गोष्टींचा उपयोग बाईला उभे करायला झाला आहे आणि तिला गप्प बसवायलाही झाला आहे.

पहिली गोष्ट चर्चमध्ये जाणाऱ्या प्रत्येकीला पाठ असते. येशू यरुशलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर बसला आहे. श्रीमंत माणसे येतात, पुष्कळ पैसे टाकतात. मग एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. मराठी बायबलात हाच शब्द आहे, टोल्या. दोन टोल्या मिळून एक दमडी. येशू शिष्यांना बोलावून सांगतो की सगळ्यांत जास्त हिने टाकले. बाकीच्यांनी उरलेसुरले दिले, हिने जगण्याचे साधनच दिले.

यावर किती प्रवचने झाली असतील! बाईने कसे द्यावे, किती निमूट द्यावे, स्वतःसाठी काही ठेवू नये. पण मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढा आणि ही गोष्ट जिथे सुरू होते त्याच्या दोन ओळी आधीपासून वाचा. तिथे येशू धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांवर संतापलेला आहे. लांब झगे घालून मिरवतात, पंगतीत मानाची जागा बळकावतात, लांबलचक प्रार्थना करतात, आणि विधवांची घरे गिळतात, असे तो म्हणतो. त्याला लागूनच ही विधवा येते. आणि गोष्ट संपताच पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीला तो सांगतो की या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही.

आता सांगा, ती गोष्ट फक्त तिच्या दानाच्या कौतुकाची आहे का? अभ्यासकांत यावर दोन मते आहेत. कोणी म्हणतात हे कौतुक आहे, कोणी म्हणतात हा विलाप आहे. मला स्वतःला दुसरे मत अधिक पटते. विधवेकडे दमडीच का उरली, हे विचारल्याशिवाय तिच्या दमडीची स्तुती करणे हा धूर्तपणा आहे. आपल्या वऱ्हाडात हे वेगळे समजावून सांगायला नको. कर्जापायी नवऱ्याने जीव दिला, की सातबाऱ्यावर हिचे नाव चढू नये म्हणून दीर-सासरे कसे धावतात, ते इथे बसलेल्या कित्येकींनी पाहिले आहे. घरे गिळणारे अजून आहेत. झगे तेवढे बदलले.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. मार्कच्याच पाचव्या अध्यायात आहे. एका बाईला बारा वर्षे रक्तस्राव होत होता. पुष्कळ वैद्य झाले, होते नव्हते ते सगळे खर्च झाले, आणि दुखणे वाढलेच. (इथे आपल्या बायांना हसू येते, कारण बारा वर्षे आणि वैद्यांची बिले हे गणित त्यांना पाठ आहे.) पण दुखण्याहून मोठी गोष्ट विटाळाची. लेवीय नावाच्या पुस्तकात नियम आहे की रक्त जात असलेली बाई अशुद्ध, तिने शिवलेले अंथरूण अशुद्ध, तिला शिवणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. म्हणजे बारा वर्षे ही बाई बाहेरच बसलेली. ती गर्दीत शिरते. तेच मुळात नियमाविरुद्ध. मागून जाऊन ती येशूच्या वस्त्राला नुसता हात लावते. मागत नाही, बोलत नाही.

आणि बरी होते. चमत्कार मानायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. मी पुढचे सांगते. येशू थांबतो आणि विचारतो, मला कोण शिवले? शिष्य म्हणतात, एवढी गर्दी रेटते आहे आणि हे काय विचारता? तो जागचा हलत नाही. शेवटी ती थरथरत पुढे येते आणि सगळ्या लोकांसमोर सगळे खरे सांगते. बारा वर्षे जे लपवले ते चारचौघांत. तो तिला मुलगी म्हणून हाक मारतो. विटाळ झाला असा एक शब्दही नाही. तिच्या श्रद्धेने ती बरी झाली असे तो म्हणतो, स्वतःकडे श्रेयही घेत नाही.

ही कृती लहान आहे, मान्य. पण ती गोड लहान नाही. तिने एक नियम मोडला आहे. पाळीच्या दिवसांत मुलीला स्वयंपाकघराबाहेर बसवणाऱ्या घरातल्या बाईला ही गोष्ट सांगून बघा. धर्म विचारणार नाही ती. ती विचारेल, मग पुढे तिचं काय झालं? ते मात्र लिहिलेले नाही. तिचे नावही लिहिलेले नाही.

आता आपल्याकडे येऊ. पंडिता रमाबाईंचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. १८५८ चा जन्म. आईने, लक्ष्मीबाईंनी, तीर्थयात्रांच्या भटकंतीत संस्कृत शिकवले. १८७४ मध्ये दुष्काळी भटकंतीत काही महिन्यांच्या अंतराने आईवडील गेले. पुढे लग्न, वैधव्य, इंग्लंड, आणि १८८३ मध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा. रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून महाराष्ट्राने त्यांना दूर लोटले, हे आपण ऐकतो. त्या ख्रिस्ती झाल्यावर मिशनरींनाही सोप्या गेल्या नाहीत, हे कमी सांगितले जाते. ज्या जोगिणींकडे त्या राहत, त्यांनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले, लॅटिनमध्ये असे काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? माझ्या लोकांना कळत नाही ते मी गळ्यात का घालू? त्या मांसाहार करीत नसत, अंडे घातलेली खीरही त्यांनी नाकारली, आणि त्यावरूनही पत्रापत्री झाली. ती पत्रे छापून उपलब्ध आहेत. श्रद्धा म्हणजे हो म्हणणे, असे आपल्याला वाटते. इथे श्रद्धेने नाही म्हटले आहे, आणि तेही आश्रय देणाऱ्यांना.

मुख्य प्रसंग त्यानंतरचा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. उच्चवर्णीय विधवांची शाळा. अट अशी की तिथे धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आले. रमाबाई रोज आपल्या खोलीत मुलगी मनोरमेबरोबर प्रार्थना करीत. दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी कोणाला बोलावले नाही, आणि कोणाला हाकललेही नाही. एवढेच. त्यावरून पुणे पेटले. केसरीने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

एक उघडे दार! रमाबाईंनी ते लावून घेतले असते तर संस्थेला पैसा, प्रतिष्ठा, सगळे राहिले असते. त्यांचे म्हणणे साधे होते. इतर मुलींना जर आपापल्या देवाची पूजा करायची मोकळीक आहे, तर माझ्या खोलीत मी दार बंद करून चोरासारखी प्रार्थना का करू? माझ्या मते हा वाद धर्मांतराइतकाच, विधवेने कुठे बसावे हे कोण ठरवणार याचाही होता.

दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. १८९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः हिंडल्या, उपाशी मुली आणि बाया गोळा करून आणल्या. मदतछावण्यांत बायांचे काय होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुण्याच्या प्लेगच्या छावणीत मुलींचे हाल होतात म्हणून सरकारविरुद्धही जाहीर लिहिले. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १८९९-१९०० चा दुष्काळ आला, जो आपल्या वऱ्हाडालाही भोवला, तेव्हा तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. पण केडगावला शारदा सदनातली ती अट उरली नव्हती. भुकेलेल्या पोरीला भाकर देणारी संस्था प्रार्थनाही देते तेव्हा तिला निवड किती असते? हा प्रश्न मी रमाबाईंवर प्रेम करूनच विचारते. मात्र तो विचारणाऱ्या पुरुषांना माझा उलट प्रश्न असतो, त्या पोरी रस्त्यावर होत्या तेव्हा तुमचे पणजोबा कुठे होते?

केडगावचा छापखाना बाया चालवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या माणसाला कळेल अशा मराठीत अख्खे बायबल आणायला बसल्या, आणि ज्या मुलींना अक्षरओळख तिथेच झाली त्यांनी खिळे जुळवून ते छापले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. एकेक खिळा उचलून ओळीत लावणे, यापेक्षा बारीक काम मला सुचत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांबद्दल थोडेच सांगते, ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचाच. नवरा १८९५ ला ख्रिस्ती झाला, आणि ही सोवळ्याओवळ्याची बाई. जात देवाने केली की माणसाने, यावर तिने स्वतःशीच झगडून उत्तर काढले आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा १९०० चा, त्यानंतरचा. आधी पाणी, मग धर्म. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपले बचतगट मूठभर धान्यापासून सुरू झाले असे आपण अभिमानाने सांगतो. मिझोरामच्या ख्रिस्ती बाया शंभराहून अधिक वर्षे हेच करत आहेत. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला. बायाच तो गोळा करतात, विकून पैसे चर्चला जातात, आणि त्या मुठींतून कोट्यवधी रुपये उभे राहिले. त्याच प्रेस्बिटेरियन चर्चने बाईला पाळकाची दीक्षा देणे दशकानुदशके नाकारले. टोल्या घेतल्या, खुर्ची दिली नाही. दक्षिण भारत चर्चमध्ये मात्र २०१३ मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या, म्हणजे शास्त्र आड येत होते असे नाही. कायद्याचेही तसेच. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते, बायकोला व्यभिचारासोबत क्रूरता किंवा नवऱ्याने टाकून देणेही सिद्ध करावे लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या कलमातले जाचक भाग रद्द केले, २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. कोणीतरी बाई आधी वकिलाच्या ओट्यावर जाऊन अर्जावर सही करून आली होती, म्हणून ते झाले.

शेवटी एक काम सुचवते, मग चर्चेला बसू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वऱ्हाडात अलायन्स मिशनचे काम होते. अशा मिशनांसाठी मराठी बाया घरोघर जात, माजघरात बसून बायांना वाचून दाखवत, अक्षरे शिकवत, बाळंतिणीजवळ बसत. मिशनच्या अहवालांत त्या बहुतेकदा आकड्यांत येतात, नावाने क्वचित. अकोट, अकोला, अमरावतीकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांतून, चर्चच्या नोंदवह्यांतून, स्मशानातल्या दगडांवरून ही नावे जमवता येतील. दर गटातून दोघी जणी पुढे आल्या तर येत्या बैठकीपर्यंत पहिली यादी होईल. वही मी आणली आहे. ज्यांची आजी किंवा आजीची शेजारीण अशी होती, त्यांनी चहाच्या वेळेत माझ्याकडे नाव, गाव आणि आठवत असेल तर साल लिहून द्यावे.