तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?



नागरिकांची एखादी संस्था गाऱ्हाणे घेऊन पुढे आली की राज्यकर्ते बहुधा आधी तिलाच विचारतात : तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? पुण्याच्या सार्वजनिक सभेने याचे उत्तर आरंभापासूनच तयार ठेवले होते. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी ती स्थापन झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्यास किमान ५० प्रौढांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. प्रारंभीच्या ९५ सभासदांमागे अशी सुमारे ६,००० माणसे होती. सभेत वजन सरदार, सावकार आणि वकील यांचेच, हे खरे. तरी मतपेटी नसलेल्या राज्यात ही युक्ती विलक्षणच म्हटली पाहिजे.

१८७६ च्या दुष्काळात गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे धाडली. परक्या सरकारने ती स्वीकारलीही. १८९६ च्या दुष्काळात मात्र सभेची माणसे, माहिती वर पाठवून थांबली नाहीत. सारासुटीचे नियम ती शेतकऱ्यांना समजावू लागली. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. अर्ज करणारी रयत त्या राजवटीला चालत होती, नियम जाणणारी चालली नाही.

स्वराज्यातही हे दुखणे सरले नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण तेथे स्वागताध्यक्ष होते. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. त्यांच्यापाशी कोणाचेही मुखत्यारपत्र नव्हते.

लोकनियुक्त सरकारांच्या काळात, राजस्थानात, प्रश्न उलट दिशेने विचारला गेला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांवरील मजुरांची हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कामावर कोण होते, हे गावालाच ठाऊक होते. १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवसांचे धरणे झाले.

२००५ मध्ये देशाला माहितीचा अधिकार मिळाला. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला विचारता येणार नाही, असे त्या कायद्याच्या सहाव्या कलमात लिहिले आहे.