म्होरकी, छातीपट्टा आणि सैल दोरी

(मंडळाच्या मासिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत, मधुमेह अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्याच व्यासपीठावर कुत्र्याच्या पट्ट्याविषयी बोलावयास आम्ही उभे आहो, याचा थोडा संकोच वाटतो. तथापि आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी कुत्रे आहे. मुले नोकरीनिमित्त दूर गेली की मागे उरलेल्या दोघांना सकाळ-संध्याकाळ घराबाहेर काढणारा तोच एक जीव असतो. परक्या गावात शेजाऱ्यांशी पहिली ओळखही त्याच्यामुळेच होते.

कुत्र्याने कोरडी भाकर पळविली म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे. आम्हीही काही वर्षे कुत्र्यामागे धावलो, पण आमचे कारण इतके उदात्त नव्हते. आमचा मोती लॅब्रॅडॉर जातीचा, वजनाने 30 किलोंच्या घरातला. "साहब, आप इसे घुमाते हैं या यह आपको?" असे शेजारी विचारीत. एके सायंकाळी त्याला मांजर दिसले आणि आमच्या सौभाग्यवतींच्या मनगटाचे हाड मोडले. मग एका दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही गळफासाची साखळी आणली. कुत्रा ओढू लागला की ती आवळते, थांबला की सैल होते. आठ दिवसांत जनावर सुधारेल, असे त्याने सांगितले. मोती सुधारला नाही. तो खोकत खोकत ओढू लागला. दोन महिन्यांनी पशुवैद्यांनी मानेवरचे केस बाजूला सारून दाखविले, तेव्हा कातडी सोलवटलेली होती. ती साखळी रोज आमच्याच हातात असे.

त्यानंतर आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. झटका देऊन शिकविण्याची रीत मुख्यतः लष्करी व पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणातून घरगुती जीवनात आली. जर्मनीतील कोनराड मोस्ट यांचे या विषयावरील पुस्तक 1910 साली निघाले, आणि पुढे कित्येक दशके त्या विचाराचा पगडा राहिला. कसबी शिक्षकाच्या हाती झटका क्षणभराचा असतो. आपल्यासारख्यांच्या हाती तो सतत आवळलेला फास होतो. कुत्र्याच्या गळ्यात स्वरयंत्र, श्वासनलिका व थायरॉइड ग्रंथी आहेत. गळ्यातील पट्ट्यावर ताण पडला असता डोळ्यांतील दाबही वाढतो, छातीपट्ट्याने तसा वाढत नाही, असे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. पुढे 2020 साली नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी कृत्रिम मान करून निरनिराळे पट्टे तपासले. ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्याला इजेचा धोका नाही, असा एकही पट्टा त्यांना सापडला नाही. मऊ, रुंद पट्टाही त्यात आला. काटेरी पट्ट्यांविषयी तर बोलावयासच नको. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्समध्ये 2010 पासून बंदी आहे.

मग उपाय काय? तो आपल्या गावाकडच्या गोठ्यात होताच! वेसण नाक टोचून घालावी लागते. म्होरकी नुसती तोंडाभोवती बसते, आणि वासरू तिने सहज वळते. जिकडे डोके वळले तिकडे धड जाते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ब्रिटनमधील डॉ. रॉजर मगफर्ड यांनी 1979च्या सुमारास कुत्र्यांसाठी हीच युक्ती योजून 'हल्टी' नावाची म्होरकी तयार केली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील पशुवैद्य डॉ. रॉबर्ट अँडरसन व प्रशिक्षिका रूथ फॉस्टर यांनी 1980च्या दशकात तशीच दुसरी बनविली. ही म्होरकी म्हणजे मुसके नव्हे. ती घालून कुत्रा धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो. मात्र तिला कधीही हिसका देऊ नये, मान मुरगळते. आणि लांब दोरी लावून धावू देऊ नये. पहिले काही दिवस नुसत्या फासातून नाक घालून पनीरचा तुकडा घेऊ द्यावा. घाई केल्यास कुत्रा पंजांनी ती ओरबाडून काढतो.

पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना म्होरकी बसत नाही. त्यांना, आणि पॉमेरेनियनसारख्या नाजूक श्वासनलिकेच्या जातींना, छातीपट्टा बरा. यात एक मेख आहे. कडी पाठीवर असेल तर कुत्रा बर्फावरची गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांप्रमाणे छातीचा जोर लावून अधिकच ओढतो. कडी छातीवर पुढे असेल तर ओढताक्षणी त्याचे अंग आपल्याकडे वळते आणि जोर वाया जातो. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत, खांद्यांची हालचाल अडू नये, आणि उन्हाळ्यात काखेत कातडी घासली जात नाही ना, हे पाहावे. घरी आल्यावर तो काढून ठेवावा.

हे सर्व झाले तरी पट्टा शिकवीत नाही. खांबाकडे ओढले की खांब मिळतो, एवढे कुत्र्याला ठाऊक असते. ते खोटे ठरवावे लागते. दोरी ताणली की आपण जागीच उभे राहावे; सैल झाली की चालावे; गुडघ्याशी चालू लागला की खाऊ द्यावा. पहिल्या दिवशी फाटकापासून कोपऱ्यापर्यंतच्या चाळीस पावलांना आम्हांस पंचवीस मिनिटे लागली. येणारे-जाणारे काही हरवले काय म्हणून विचारीत होते. तीन आठवड्यांनी मोती सैल दोरीने कोपऱ्यापर्यंत आला. मांजर दिसले तर अजूनही त्याचा भरवसा नाही.

आम्हांस खरी चिंता वाटते ती वेगळी. ओढणाऱ्या कुत्र्याला फिरावयास नेणे हळूहळू बंद होते. आज पाऊस, उद्या पाहुणे, परवा कंबर दुखते. आणि जनावर गच्चीवर नाही तर जिन्याखाली दिवसभर बांधलेले राहते. आपल्या ओळखीच्या घरांतही आम्ही हे पाहिले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 साली झाला. त्याच्या कलम 11 प्रमाणे जनावरास अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणे हा अपराध आहे. आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्यास पुरेसे न फिरविणे, हाही मालकाचा अपराधच आहे. दुसरी तरतूद आम्हांसही साखळीच्या प्रकरणानंतरच ठाऊक झाली.

एक म्होरकी व दोन मापांचे छातीपट्टे आम्ही सोबत आणले आहेत. चहाच्या वेळी मागच्या टेबलावर ठेवू. मोती बाहेर व्हरांड्यात सौभाग्यवतींजवळ बसला आहे. ज्यांना पट्टा बसवून पाहावयाचा असेल त्यांनी जरूर यावे, फक्त बशीतील बिस्किटे जरा जपावीत.